कुकरमध्ये शिजलेला स्पंज

आजोबांनी आयुष्यभर एकच काम केलं. जंतू मारले.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक लांबट, दमट खोली होती. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, वाट्या, कापडं, सगळं वरून मळून खाली यायचं आणि आजोबांच्या वाफेच्या यंत्रांतून निघून पुन्हा वर जायचं. दार घट्ट लावायचं, वाफ कोंडायची, काटा चढू द्यायचा आणि थांबायचं. प्रत्येक गाठोड्यावर एक कागदी पट्टी चिकटवलेली असे. आत जाताना तिच्यावरच्या रेघा फिकट, बाहेर येताना काळ्या कुळकुळीत. रेघ काळी झाली की डोळे मिटून समजायचं, आतला एकही जंतू जिवंत नाही. रंग बदलला की काम झालं. आजोबांच्या हातून गेलेल्या गाठोड्यामुळे कुणाची जखम चिघळली, असं एकदाही झालं नाही. हा अभिमान छातीशी धरून ते निवृत्त झाले आणि घरी येऊन बसले.

घरी बसल्यावर मात्र पंचाईत झाली. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. स्वयंपाकघर आजीचं. आजोबांनी एकदा भांड्यांच्या कपाटाला हात लावला, तर आजी म्हणाली, "अहो, हे इस्पितळ नाही. इथली माणसं चिमूटभर धुळीने दगावत नाहीत." तेव्हापासून आजोबांना कामं उरली दोन. सकाळी दूध आणायचं, आणि कुणी "जरा बाजूला व्हा" म्हटलं की बाजूला व्हायचं.

म्हणून मुंगीने जेव्हा आपली काचेची टाकी त्यांच्या ताब्यात दिली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

मुंगी ही त्यांची नात, चौथीतली. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. रांगायला लागल्यापासून स्वतःपेक्षा मोठी ओझी ओढत घरभर फिरायची, म्हणून मुंगी. एकदा काही ओढायचं ठरवलं की सोडणार नाही, हा गुणही मुंगीचाच. सध्या ती ओढत होती कोळंबी.

त्याचं असं झालं. रस्त्याच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. तिथे डोळे तपासायला मुंगीला नेलं, तेव्हा ती भिंतीवरची अक्षरं वाचायचं सोडून दर्शनी कपाटातल्या टाकीला नाक लावून बसली. आत नखाएवढ्या लालचुटुक कोळंब्या पाण्यातलं शेवाळ चिमटीने वेचून खात होत्या. दुकानदाराला बघता बघता ती चष्माकाका म्हणू लागली आणि शाळेतून येताना रोज पाच मिनिटं त्याच्याकडे थांबू लागली. आणि एक दिवस चष्माकाकानेच विषय काढला. दुकान वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत हलणार होतं. तिथे टाकीला जागा नव्हती.

"सगळ्या कोळंब्या तुला देतो," तो म्हणाला. "पण नव्या टाकीत नाही देणार. नवी टाकी म्हणजे विषाची परीक्षा. आधी टाकी पिकू दे. मी टाकी काढेन त्या रविवारी तुझी टाकी तयार असेल, तर तुझ्या. नसेल तर समोरचा सलूनवाला मागतोच आहे."

सलूनवाल्याकडे दोन तळहाताएवढे मासे होते. ते कोळंबीला शेजारीण समजणार नव्हते.

मग वाढदिवसाची भेट म्हणून टाकी आली. तळाशी काळी खडी, एक वेडंवाकडं लाकूड, हिरव्या शेवाळाचा पुंजका, आणि मधोमध फिल्टर. फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीला दोन्ही बाजूंना अडकवलेले दोन करडे स्पंज. पंप हवा सोडायचा, बुडबुडे वर जायचे आणि पाणी स्पंजातून गाळून निघायचं. टाकीत जीव म्हणाल तर एकही नाही. आठवडे गेले तरी नाही.

"नुसतं पाणी पाळलंय पोरीने," आजी येता-जाता म्हणायची. "आणि पुढे काय, तर कोळंबी! कोळंबी लोक कढईत ठेवतात हो."

"आजी!" मुंगी कानांवर हात ठेवायची.

आजोबांना मात्र तिने नीट समजावून सांगितलं होतं. शिकवताना तिचा आवाज हुबेहूब तिच्या बाईंसारखा व्हायचा.

"आजोबा, कोळंबी खाणार, मग घाण करणार. बरोबर? त्या घाणीतून अमोनिया होतो. तो विषारी असतो. मग पहिल्या पाळीचे जंतू येतात आणि अमोनिया खाऊन टाकतात. पण ते खाऊन जे सोडतात ना, नायट्राइट, तेही विषारीच. मग दुसऱ्या पाळीचे जंतू येतात आणि ते खातात. आणि ते जे सोडतात, ते झाडांना चालतं. दोन्ही पाळ्यांचे जंतू भरपूर झाले की टाकी पिकली."

पाळ्यांचं गणित आजोबांना लगेच समजलं. जन्म पाळ्यांत गेला होता. पण बाकीचं काही घशाखाली उतरेना.

"म्हणजे तू मुद्दाम जंतू पाळतेयस?"

"हो. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकते. ते कुजतं. त्यावर ते जगतात."

"आणि मी चाळीस वर्षं..." आजोबा म्हणाले आणि थांबले.

"ते वाईट जंतू होते, आजोबा," मुंगी त्यांच्या हातावर थोपटत म्हणाली. "हे चांगले आहेत."

तिच्याजवळ तपासणीची एक छोटी पेटी होती. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि थोडा वेळ थांबून नळी रंगांच्या कागदाशेजारी धरायची. सुरुवातीच्या दिवसांत एकदा नळीतलं पाणी हिरवं झालं, तेव्हा मुंगी खोलीभर नाचली होती. "आला! अमोनिया आला! आता त्यांना जेवायला मिळेल!" आजोबांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे कित्येक दिवसांनी तेच पाणी पिवळंच राहिलं आणि मुंगी त्याहून जोरात नाचली, तेव्हा आजोबा दुपारची झोप काढत होते. त्यांच्या डोक्यात हिरवं नाचणंच राहून गेलं.

आणि मग नेमकं त्या रविवारच्या आधीच मुंगीच्या शाळेचं शिबिर निघालं. टाकी जवळजवळ तयार होती. जाताना तिने आजोबांना समोर बसवून बजावलं.

"रोज एक चिमूट खाणं. बस. पाणी बदलायचं नाही. पंप बंद करायचा नाही. मी शनिवारी येते, मग आपण तपासू."

"पाण्याला बोटसुद्धा लावणार नाही," आजोबा म्हणाले. आणि ते खरोखरच तसं वागले. तिथेच तर सगळी गोची झाली.

कारण त्यांच्या हिशेबी जंतू होते पाण्यात. पाणी सांभाळलं की जंतू सांभाळले. स्पंज म्हणजे काय, गाळणी! चहा गाळून झाला की गाळणी कुणी तशीच ठेवतं का? तिसऱ्या दिवशी सकाळी खाण्याची चिमूट टाकताना त्यांनी चष्मा पुढे सरकवून बघितलं, तर दोन्ही स्पंज तपकिरी झालेले, वर चिकट साका. इस्पितळात असं काही त्यांच्या टेबलावर आलं असतं, तर वरच्या मजल्यापर्यंत आवाज गेला असता.

'पोर दमून येईल,' आजोबांच्या मनात आलं, 'आणि आल्या आल्या हे धूत बसेल. त्यापेक्षा आपणच करून ठेवू.'

काम नियमाप्रमाणे करायचं, हे हातात मुरलेलं. दोन्ही स्पंज एकदम काढले तर फिल्टर उघडा पडेल. एक कामावर, एक सफाईत, ही तळघरातली रीत. त्यांनी एकच स्पंज काढला, नळाखाली खळखळून धुतला, पिळला, पुन्हा धुतला. पण नळाच्या पाण्याने कुठे काय मरतं? ते स्वयंपाकघरात गेले. आजी खाली भाजी आणायला गेली होती. कुकर ओट्यावर होता.

आता चाळीस वर्षं वाफेशी संसार केलेल्या माणसाला रिकामा कुकर म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. पाणी, जाळी, जाळीवर स्पंज, झाकण, शिट्टी. एक झाली, दोन झाल्या, तिसऱ्या शिट्टीला आजोबांनी गॅस बंद केला आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. किती दिवसांनी असं उभं राहायला मिळालं होतं! स्पंज बाहेर आला तो नव्यासारखा, हलका करडा, ऊन ऊन. थंड झाल्यावर त्यांनी तो नळीला लावला आणि दुसरा काढायला हात पुढे केला, तेवढ्यात आजी दारात उभी.

"काय शिजतंय?"

"स्पंज," आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले.

आजीने कुकरचं झाकण उचलून वास घेतला. पुढचं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश एवढाच, की तो कुकर ती स्वतः तीनदा घासणार होती आणि पुन्हा त्यात टाकीतलं काही आलं तर आजोबांनी आपला स्वयंपाक तळघरात जाऊन करावा.

"अगं, एकच राहिलाय. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटं नाहीत की अर्धं मिनिट नाही. बटाटे लावायचेत मला. व्हा बाजूला."

आजोबा बाजूला झाले. दुसरा स्पंज तसाच, मळका, पाण्यात बुडबुडत राहिला. तो त्यांच्या मनाला दिवसभर खुपत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना वाटलं, जाता जाता तपासणीही करून टाकावी. मुंगीला तेवढंच समाधान. त्यांनी नळी भरली, थेंब मोजून टाकले, हलवली आणि खिडकीशी उजेडात धरली. पिवळं पाणी हळूहळू हिरवट झालं. चांगलं उघड हिरवट. आजोबांचा चेहरा फुलला. रंग बदलला! काम झालं!

शिबिरात संध्याकाळी घरच्यांशी फोनवर बोलायला मिळायचं. आजोबांनी लगेच फोन लावला.

"मुंगे, आनंदाची बातमी! रंग आला बघ. हिरवा!"

पलीकडून नुसता मुलांचा गलका ऐकू आला.

"ऐकू येतंय ना?"

"आजोबा," मुंगी हळूच म्हणाली, "हिरवा नको होता. आता पिवळाच पाहिजे. मागच्या आठवड्यात पिवळा होता." मग जरा थांबून, "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही गं. पाण्याला हातसुद्धा लावला नाही, शप्पथ. फक्त जरा स्वच्छता..."

"स्पंज धुतलात?"

"धुतला म्हणजे," आजोबांचा आवाज बारीक झाला, "कुकरला लावला. तीन शिट्ट्या."

पलीकडे शांतता. मग कसाबसा आवाज आला, "आजोबा, ते तिथेच राहतात. पाण्यात नाही. स्पंजात." मागे घंटा वाजली, कुणीतरी जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला.

आजोबा फोन हातात धरून तसेच बसून राहिले. त्या शांततेत राग होता, रडू होतं, की दोन्ही? ऐकून कळण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हवाली काही केलं होतं. पोरीने आठवडेच्या आठवडे चिमूट चिमूट घालून जे वाढवलं, ते त्यांनी एका सकाळी, हात मागे बांधून, मोठ्या ऐटीत मारून टाकलं. रविवारी कोळंब्या सलूनमध्ये जाणार. माशांच्या पोटात जाणार. आणि मुंगी? ती काही बोलणार नाही. ती फक्त पुढच्या वेळी टाकी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देईल.

आजी बटाटे सोलत होती. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"काय झालं?"

"सगळे मेले गं."

"अहो, कोण मेले? नीट बोला!"

आजोबांनी सांगितलं. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग उठून टाकीपाशी गेली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सगळे कसे मेले?" ती म्हणाली. "एक तुम्ही शिजवलात. आणि हा दुसरा? हा आहेच की तसाच घाणेरडा. मी कुकर दिला नाही म्हणून."

आजोबा उठून बघायलाच आले. खरंच की! दिवसभर डोळ्यांना खुपणारा तो तपकिरी गोळा! त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं तापातून उठलेल्या माणसाकडे बघावं.

"तू नाही म्हणालीस म्हणून," ते पुटपुटले.

"लक्षात ठेवा," आजी पुन्हा बटाट्यांकडे वळत म्हणाली. "मी विसरू देणारच नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच आजोबा चष्माकाकाच्या पायरीवर हजर. चष्माकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि चपापला.

"काय आजोबा, काच फुटली का चष्म्याची?"

"काच शाबूत आहे हो. अक्कल फुटली." आणि आजोबांनी काही न लपवता सांगून टाकलं. वाफेचं यंत्र, रीत, कुकर, शिट्ट्या, सगळं.

चष्माकाका आधी हसला नाही. त्याने टाकीतल्या कोळंब्यांकडे बघितलं, मग आजोबांकडे.

"दुसरा स्पंज तुम्ही नक्की धुतला नाहीत?"

"बायकोने धुऊ दिला नाही."

"खडीला हात?"

"तिथवर हात पोचत नाही."

"मग वाचलात!" चष्माकाकाचा चेहरा मोकळा झाला आणि आता मात्र तो पोट धरून हसला. "तीन शिट्ट्या! अहो, एवढी खात्री तर मीही कधी केली नसती. बघा, अर्धे कामगार गेले, अर्धे आहेत. थोडे खडीवर, थोडे लाकडावरही असतात. काम तेवढंच, हात कमी, म्हणून अमोनिया थोडा साठलाय. आज-उद्या खाणं टाकू नका. आणि थांबा, माझी थोडी माणसं उसनी देतो."

त्याने झाकणाचा एक पारदर्शक डबा घेऊन त्यात आपल्या टाकीतलं पाणी भरलं. मग फिल्टरमधला जुना स्पंज त्या डब्यात धरून पिळला. पाणी क्षणात चहासारखं झालं. काळपट, गढूळ, तरंगणाऱ्या कणांनी भरलेलं. आजोबांच्या अंगावर शहारा आला.

"हे टाकीत ओतायचं?"

"हे सगळं ओतायचं. दुसऱ्या दिवशी तळाशी बसेल. आणि सावकाश न्या, उन्हात ठेवू नका. आत जिवंत प्रजा आहे."

"आणि रविवारी?"

चष्माकाका गंभीर झाला. "शनिवारी आणि रविवारी सकाळी, दोन्ही वेळा दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या पाहिजेत. अमोनियाची पिवळी, नायट्राइटची निळी. नाही आल्या तर माझा नाइलाज आहे, आजोबा. विषारी पाण्यात मी त्यांना सोडणार नाही. त्यापेक्षा मासा बरा, निदान झटकन संपतं."

तो खरं बोलत होता, म्हणून आजोबांनी वाद घातला नाही. डबा खांद्यावरच्या पिशवीत न ठेवता त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि सावलीसावलीने घराकडे निघाले.

नशीब बघा, वळणावर इस्पितळातल्या मेट्रनबाई भेटल्या. आजोबांच्या गाठोड्यांवर त्यांची घारीसारखी नजर असायची.

"काय हो, बऱ्याच दिवसांनी! काय नेताय एवढं जपून?" बाईंची नजर डब्यावर गेली आणि भुवया वर चढल्या. "तपासायला द्यायचंय का? प्रयोगशाळा त्या बाजूला आहे."

"तपासायला नाही, पाळायला," आजोबा म्हणाले. "जंतू आहेत."

मेट्रनबाईंनी दोन पावलं मागे घेतली. "तुम्ही?"

"मीच," आजोबा म्हणाले. "माफ करा, घाईत आहे. उन्हाने मरतील बिचारे."

घरी येऊन त्यांनी डबा टाकीवर धरला. स्वच्छ, नितळ पाणी होतं. त्यात ही घाण ओतायला हात धजेना. इस्पितळातला सगळा जन्म आडवा आला. आजीने मागून म्हटलं, "कुकरला हात थरथरला नाही तो आता थरथरतोय!" तेव्हा आजोबांनी डोळे मिटून डबा उपडा केला. टाकी धुळीच्या वावटळीसारखी झाली. फिल्टर तेवढा बुडबुडत राहिला.

त्यानंतर आजोबांनी जे केलं ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. काही केलं नाही. खाणं टाकलं नाही, काच पुसली नाही, लाकडावर बसलेला गाळ झटकला नाही. शिबिरात आता डोंगर चढायला नेलं होतं आणि तिथे फोन लागत नव्हता, म्हणून मुंगीचा आवाजही ऐकू आला नाही. ते खुर्ची टाकून टाकीसमोर बसायचे आणि हात मांडीखाली दाबून ठेवायचे. पाणी आधी गढूळ होतं, मग धुरकट झालं, मग तळचं लाकूड दिसू लागलं.

शनिवारी दुपारी मुंगी आली. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी, नाक उन्हाने सोललेलं. आजोबा दारातच उभे राहिले.

"मुंगे, माझं चुकलं."

मुंगीने पिशवी खाली टाकली. "आधी पेटी आणा, आजोबा."

दोघं टाकीसमोर बसले. मुंगीने दोन नळ्या भरल्या. थेंब टाकायची वेळ आली तेव्हा बाटली आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी थेंब मोजले. ओठ हलत होते. मग वाट बघणं. तो वेळ सरता सरेना, म्हणून आजोबांनी विचारूनच टाकलं.

"फोनवर तू गप्प झालीस. रागावली होतीस ना?"

"आधी रडले," मुंगी नळीवरची नजर न हलवता म्हणाली. "जेवणाच्या रांगेत. मग मैत्रिणीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, माझ्या आजोबांनी फिल्टर कुकरला लावला. ती म्हणाली, किती शिट्ट्या? मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, मग तर नीट शिजला असेल." मुंगीचे ओठ मुडपले. "मग मला हसूच आवरेना. नंतर बाईंनी सगळ्यांसमोर सांगायला लावलं. डोंगरावर सगळे 'तीन शिट्ट्या, तीन शिट्ट्या' म्हणत चढलो."

"म्हणजे मी अख्ख्या शाळेत..."

"हो. आणि आजोबा, चूक माझी पण आहे. ते स्पंजात राहतात, हे मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला जंतूंचं सगळं माहीत असतं."

"मला त्यांचं मरण माहीत होतं गं," आजोबा म्हणाले. "घर माहीत नव्हतं."

मुंगीने दोन्ही नळ्या उचलून कागदाशेजारी धरल्या. एक निळी. आणि दुसरी?

"आजोबा, तुम्ही बघा. मला भीती वाटते."

आजोबांनी चष्मा नाकावर खाली ओढला, वर चढवला, नळी खिडकीकडे नेली, परत आणली. रंग बदलला नव्हता. थेंब टाकले तेव्हा होता तसाच होता. ज्या माणसाने आयुष्यभर रंग बदलायची वाट बघितली, त्याला न बदललेला रंग बघून हायसं वाटलं.

"पिवळी," ते म्हणाले. "पिवळीधमक."

रविवारी सकाळीही पिवळी. चष्माकाका झाकणाची बादली घेऊन स्वतः आला, स्वतःच्या डोळ्यांनी नळ्या बघितल्या आणि मान डोलावली. मग त्याने बादली खाली ठेवली आणि बारीक नळीतून टाकीतलं पाणी थेंब थेंब बादलीत सोडलं. कोळंब्यांना नव्या पाण्याची सवय व्हायला हवी, घाई केली की सगळं मुसळ केरात. सगळे जमिनीवर बसून राहिले. आजीसुद्धा. "कढई आणू का?" असं तिने एकदाच विचारलं, तेही हळू आवाजात.

शेवटी मुंगीने जाळीने पहिली कोळंबी उचलून पाण्यात सोडली. ती खाली गेली, खडीवर टेकली आणि दगडासारखी निश्चल झाली. मग तिने एक मिशी हलवली, मग दुसरी, आणि पोटाखालचे बारीक पाय फडफडवत थेट फिल्टरवर जाऊन बसली. उकडलेल्या, करड्या, स्वच्छ स्पंजाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. मळक्या स्पंजावर बसून ती दोन्ही चिमट्यांनी भराभर वेचून खाऊ लागली. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता तो तपकिरी गोळा लाल ठिपक्यांनी भरून गेला.

"जेवायला बसल्या," मुंगी कुजबुजली.

"माझ्या कृपेने," आजी म्हणाली.

आजोबांनी दोन्ही हात जोडून आजीला नमस्कार केला. सगळे हसले, चष्माकाका तर चष्मा काढून डोळे पुसू लागला.

तो गेल्यावर मुंगी उठली, हात झटकले आणि बाईंच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, उद्यापासून माझी शाळा आहे. फिल्टर तुमच्याकडे."

आजोबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "माझ्याकडे?"

"तुम्हीच बघायचं. आता तुमच्याकडून पुन्हा चूक होणार नाही. दुसऱ्या कुणाकडून होईल."

तेव्हापासून आजोबा रोज सकाळी दूध आणलं की टाकीसमोर खुर्ची टाकतात. मळक्या स्पंजावरच्या कोळंब्या बघतात, पण जास्त वेळ बघतात तो दुसरा स्पंज, त्यांनी शिजवलेला. परवा त्याच्या एका कोपऱ्यावर फिकट तपकिरी डाग दिसला. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डाग खराच होता.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "माझा स्पंज मळायला लागला!"

"तरी कुकर मिळणार नाही!" आतून उत्तर आलं.